गोठ्यातली राजदूत: आधी चालती कर

"काका, आमच्या गोठ्यात बाबांची 1979 ची राजदूत मोटारसायकल उभी आहे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून बाबा रोज पहाटे दारव्ह्याला दूध न्यायचे. गुडघे गेल्यावर गाडी सुटली, त्याला आता अकरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी बाबाही गेले. टाकीला खालून बारीक भोक पडलंय, किक खाली जात नाही, हेडलाइटच्या बल्बावर 6 व्होल्ट लिहिलंय. एक मिस्त्री म्हणतो भंगारात टाक. दुसरा म्हणतो 45 हजार दे, कॅनचा सांगाडा कापून, क्रोम मारून नवी कोरी करून देतो. माझ्याकडे कापसाच्या पैशातले 15 हजार आहेत, म्हणून घरीच करायचं मनात आहे. टाकी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेईन. किक सुटावी म्हणून रोज दोन-चार जोर मारून राहिलो. दसऱ्याला पूजा करून गाडी बाहेर काढायची आहे. पण आई म्हणते, 'त्यायची गाडी हाये ते, तिले नोको खोलू.' एकदा मात्र आपणहून बोलली, 'थे पयले येक बारकी घुंडी दाबत, पेट्रोलचा वास आला का मंग किक मारत.' काय करू?"
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ,

सगळ्यात आधी, ती टाकी वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नकोस. अकरा वर्षं कोरडी आहे म्हणून ती रिकामी आहे असं समजू नको. पेट्रोलची वाफ टाकीच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली दडून राहते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा अशी वाफेची टाकी जास्त घातकी असते. वाफ आणि हवा आत एकत्र असतात, बाहेरून फक्त ठिणगी मिळायची बाकी असते. अशा टाकीला ज्योत लावली की ती फुटते, आणि समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते. भोक बारीक आहे ना? मग आधी टाकी आतून धुऊन घे, कशी ते पुढे सांगतो. त्यानंतर दुधाच्या कॅनला, रेडिएटरला डाग देणारा जो कारागीर असतो त्याच्याकडे ने आणि पेट्रोलची टाकी आहे हे त्याला पहिल्या वाक्यात सांग. तो आत पाणी भरून, भोकाचा भाग वर ठेवून झाळेल. जो पाणी न भरता लगेच बत्ती पेटवतो, त्याच्याकडून टाकी उचलून परत ये.

दुसरं, किक मारणं आजपासून बंद. तुझ्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटल्या आहेत. पायाचा जोर दिलास तर रिंग तरी मोडेल, नाहीतर किकच्या गिअरचे दात जातील. आज जे काम थोड्या तेलाने होईल, ते मग लेथवर न्यावं लागेल.

गाडी आधी गोठ्यातून बाहेर काढ. ओसरीत किंवा पडवीत, जिथे वारा खेळतो तिथे फळ्यांवर उभी कर. गोठ्यात जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो. आपल्या नाकाला सवय झालेली असते, पण तांब्या-पितळेला तो खातो. वायरींची टोकं काळी पडतात, कार्बोरेटरच्या, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी जेटवर हिरवट थर बसतो. त्यात आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते, ती खालून चाकाच्या रिमला लागते. अकरा वर्षांत गाडीचं जे झालं ते नुसत्या वयाने झालेलं नाही, जागेनेही झालं आहे.

बाहेर काढलीस की सायलेन्सरच्या तोंडात बघ. कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं सापडायची दाट शक्यता आहे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कुटाराचं बिऱ्हाड केलेलं असतं. हे आधी साफ झालं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता इंजिन. प्लग काढ. त्या भोकातून अर्धी वाटी डिझेल आणि थोडं टू-टी ऑइल (या गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) एकत्र करून सोड, वर कापडाचा बोळा लाव आणि तीन दिवस विसरून जा. चौथ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाक आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलव. नुसतं डोलव, झटका देऊ नको. नाही हललं तर आणखी डिझेल घाल, आणखी तीन दिवस थांब. आठवड्याभराने तुझ्या तळव्याला चाकातून एक बारीकशी 'कच' जाणवेल, सुताएवढी. ती जाणवली की समज, सिलिंडरने पिस्टन सोडला. मी हे काम बऱ्याच वेळा केलंय, तरी अजूनही त्या क्षणाला अंगावर काटा येतो.

चाक फिरायला लागलं म्हणून लगेच पेट्रोल घालून चालू करायची घाई करू नको. या जागी मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राजदूत ही टू-स्ट्रोक गाडी. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने, ज्यांचे ट्रॅक्टर आपल्या वावरात चालले त्याच कंपनीने, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती इथे बनवली. 173 सीसी, एकच सिलिंडर, आणि व्हॉल्व्ह नाहीत. हिच्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) पोटात ओढलं जातं आणि तिथून दाबाने वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँकचं पोट हवाबंद असलं तरच इंजिनाचा श्वास नीट चालतो. ते हवाबंद ठेवायचं काम क्रँकच्या दोन बाजूंचे ऑइल सील करतात. लहान पोरीच्या बांगडीपेक्षाही लहान अशी रबराची कडी. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सीलच्या ओठावरचं तेल ओघळून जातं, रबर कडक होतं आणि तडकतं.

मी एक जुनी राजदूत घेतली होती, सात वर्षं उभी असलेली. रिंगा नव्या टाकल्या, रंग दिला, सीट शिवली, सील तेवढे तसेच ठेवले, कारण बाहेरून ते दिसत नव्हते. एप्रिलमध्ये परतवाड्याच्या रस्त्याला लागलो, धाकटा भाऊ मागे बसलेला. काही अंतर गेल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येईना, उलट चढत गेला. सुकलेल्या सीलमधून फुकटची हवा आत ओढली जात होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यातून येणारं ऑइलही कमी. वर आपलं ऊन. पिस्टन फुगला आणि सिलिंडरमध्ये धरला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. भावाचं कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं. त्याच्या हातावरचा तो डाग आजही मला दिसतो.

म्हणून तुझ्या 15 हजारांतला पहिला खर्च या दोन सीलवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर होऊ दे. राजदूतचे सुटे भाग मिळत नाहीत असं मिस्त्री सांगेल, त्याने घाबरू नको. सीलवर त्याचं माप छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या कडीवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ 6204 लिहिलं असेल तर ते आतून 20, बाहेरून 47 आणि रुंदीला 14 मिलिमीटर, मग ते मोटारसायकलचं असो की पाण्याच्या मोटारीचं. जुना भाग खिशात घाल आणि यवतमाळ किंवा अमरावतीच्या बेअरिंगच्या दुकानात जा. गाडीचं नाव सांगायची गरज नाही, माप सांग.

क्रँकपर्यंत जायला इंजिन फोडावं, म्हणजे दोन भागांत उघडावं लागतं. तेवढं एक काम घरी करू नको. बाकी सगळं इंजिन तू उतरव, बाहेरून धुऊन काढ, आणि टू-स्ट्रोक ज्याच्या हातून गेलेले आहेत अशा वयस्क मिस्त्रीकडे फक्त सील, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचा प्ले (ढिलेपणा) बघायला दे. समोर बसून करून घे. सिलिंडरवर नखाला लागतील एवढ्या रेघा असतील तर बोर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडं मोठं करून, पुढच्या मापाचा पिस्टन टाकावा लागेल. रेघा नसतील तर 'आलोच आहोत तर बोर करून घेऊ' याला नकार दे. प्रत्येक बोरला सिलिंडरचं एकेक आयुष्य कमी होतं.

एक सांगून ठेवतो. क्रँककेस आणि चासीवरचे नंबर घासू देऊ नको, आणि 'चांगली क्रँककेस पडून आहे, ती लावतो' असं कोणी म्हटलं तर हात जोड. आरसीवर जो इंजिन नंबर आहे तोच गाडीवर राहिला पाहिजे, नाहीतर आरटीओत गाडी तुझी असून तुझी राहणार नाही.

टाकी अशी धू. नळ काढून भोकं बुचाने बंद कर. मूठभर जुने नट-बोल्ट आत टाकून खळखळव, पापुद्रे सुटतील. मग किराणा दुकानात लिंबूसत मिळतं ते लिटरला 100 ग्रॅम या हिशेबाने गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भर आणि एक दिवस ठेव. पाणी आधी चहासारखं, मग काळपट होईल. ओतून टाक, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, लगेच उन्हात वाळव. वाळली की त्याच तासाला आत थोडं ऑइल फिरव, कारण ओल्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत नवा गंज चढतो. हे उन्हाळ्यात करशील तर आपलं ऊन अर्धं काम करतं. तसंही मृगाच्या पेरणीआधीचे दोन-तीन महिनेच तुझ्या हाताशी मोकळे असतील. त्यात इंजिन आणि टाकी उरकली तर दसरा गाठशील.

सायलेन्सरच्या आतली जाळी बाहेर निघते. ती चुलीत पऱ्हाट्यांच्या विस्तवावर लाल होईपर्यंत ठेव, वर्षांचा काजळीचा थर जळून झटकला जाईल. कोणी कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगेल. लोखंडाच्या जाळीला ते चालतं, पण त्याच बादलीत सिलिंडरचं हेड टाकलंस तर अॅल्युमिनियम फसफसून विरघळेल. मी म्हणतो, कॉस्टिक घरात आणूच नको.

करंटचं काम थोडं आहे. पॉईंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे दोन छोटे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप 0.4 मिलिमीटर ठेव, फिलर गेज (फट मोजायची पाती) घेऊनच, अंदाजाने नाही. कंडेन्सर नवा टाक. मॅग्नेटचं चाक पेचकसाने उचकटू नको, पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) मिळत नसेल तर लेथवाल्याकडून करून घे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार, ते सगळंच नवं ओढ, आणि बल्ब, हॉर्न 6 व्होल्टचेच घे. टायर वरून चांगले दिसले तरी बदल. ब्रेकचे लायनर अकरा वर्षांत पट्टीपासून सुटायला आलेले असतात, तेही बदल. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या सांध्यातले बुश चाक आडवं हलवून तपास, खडखडलं तर नवे.

प्रत्येक भाग खोलताना आधी मोबाइलवर फोटो, मग पाना. नट-बोल्ट ज्या भागाचे त्याच भागाच्या नावाच्या चिठ्ठीसकट वेगवेगळ्या डब्यांत. घरी काम अडतं ते बहुतेक इथेच. खोललेलं पोत्यात भरलं जातं, पेरणी येते, आणि पुढच्या वर्षी कोणता बोल्ट कुठला ते कोणालाच आठवत नाही. विदर्भात किती गावांत अशी पोत्यात बांधलेली गाडी मी पाहिली आहे.

रंग, क्रोम, बफिंग? यात एक रुपया घालू नको. निदान या वर्षी तरी नको. 45 हजारांतले बरेचसे याच चकाकीत जातात, आणि ते एकदा झालं की परत फिरत नाही. टाकीवर तुझ्या बाबांच्या गुडघ्यांनी रंग घासून जिथे पत्रा उघडा पडला असेल, ती जागा जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. उघड्या पत्र्यावर ऑइलचा हात फिरव, गंज पुढे जाणार नाही. आणि तो कॅनचा सांगाडा कापू नको. कंपनीने तो दिला नव्हता हे खरं, पण या गाडीचं सारं आयुष्य त्याच सांगाड्याने भरलेलं आहे. कडी जिथे अडकत होती तिथे लोखंड झिजून खोबण पडली असेल. बोट लावून बघ.

आता आईचं. ती 'खोलू नको' म्हणते तेव्हा तिला काय भीती असेल? गाडी खोलली जाईल आणि पुन्हा उभी राहणार नाही, किंवा उभी राहील ती वेगळीच कुठली तरी चकचकीत गाडी असेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. तिला सांग की रंग तोच राहणार, सांगाडा राहणार. मग ओसरीत काम करताना तिला जवळ बसू दे, गोळा केलेले नट रॉकेलच्या नाहीतर डिझेलच्या वाटीत घासायला दे, वाटलं तर. त्या घुंडीची गोष्ट तिने आपणहून सांगितली, हे तू पत्रात लिहिलंस पण त्यावर थांबला नाहीस. ती घुंडी कार्बोरेटरवर असते. दाबली की आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा छोटा डबा, खाली जातो, पेट्रोल काठावर येतं आणि थंड इंजिनाला पहिल्या किकला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतं. तुझ्या बाबांची गाडी चालू करायची रीत आईने पहाटेच्या अंधारात आवाजावरून आणि वासावरून पाठ केली आहे. किती वेळ दाबायचे, किती किकांत चालू व्हायची, थंडीत काय करायचे, हे तिला विचार आणि वहीत लिहून ठेव. या एका गाडीपुरतं ते कंपनीच्या पुस्तकापेक्षा खरं आहे.

कागदांकडे आत्ताच बघ, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नाही. दिल्लीच्या बातम्या ऐकून लोक म्हणतात जुनी गाडी चालतच नाही. तो 10 आणि 15 वर्षांचा नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे 15 वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. बाबा गेल्यामुळे आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्याला फॉर्म 31 आणि मृत्यूचा दाखला लागतो. नूतनीकरणाला फॉर्म 25. उशिराचा दंड पडेल, तो धरून चाल. गाडी जुन्या तीन अक्षरी नंबराची असणार, तेव्हा ती संगणकावर चढली आहे का हे यवतमाळच्या आरटीओत आधी विचार. नसेल तर आरसीचं मूळ पुस्तक दाखवून नोंद करून घ्यावी लागते, म्हणून ते पुस्तक कपाटातून शोधून काढ. पुढे विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी. कोणी 'व्हिंटेज'मध्ये नोंद कर म्हणेल. 2021 च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, तुझी 2029 मध्ये पन्नाशीला येईल. शिवाय नव्या नोंदणीची फी 20 हजार, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली असल्या कामांना. तुला दारव्ह्याला जायचं आहे, तेव्हा साधं नूतनीकरणच बरं.

पेट्रोलही बाबांच्या काळचं राहिलेलं नाही. आता त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलची नळी, नळाचे वायसर आणि कार्बोरेटरमधलं रबर-कॉर्क जे असेल ते नवं टाक. गाडी उभी करताना नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेव. सुरुवातीला लिटरला 40 मिली टू-टी ऑइल, मोजून. बुधलीच्या झाकणाने अंदाजे नाही.

पहिले 500 किलोमीटर 40 च्या वर जाऊ नको आणि मागे कोणाला बसवू नको. पहाटेच काढ, बाबांच्या दुधाच्या वेळेला, तेव्हा हवा गार असते. आठ-दहा किलोमीटरला थांब, इंजिनाला वारा लागू दे. पहिल्याच फेरीत अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही आवाज उतरला नाही तर तिथल्या तिथे क्लच दाब, पेट्रोल आणि स्विच बंद कर आणि गाडी ढकलत घरी आण. माझ्यासारखं 'पुढच्या गावापर्यंत तर जाऊ' म्हणू नको.

घरी आल्यावर प्लग काढून टोकाकडे बघ. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढुरका असेल तर इथेनॉलमुळे पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट एक नंबर मोठा लागेल. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त झालंय किंवा फ्लोट बसत नाही. जो रंग दिसेल तो मला लिहून कळव, पुढचं तेव्हा सांगतो.